अकरा चुका टाळून केलेला कोबा

आमच्या कोथरूडच्या घराला गेट आहे. ते पेरूच्या झाडाला टेकून उभं असतं.

कोणी कारण विचारलं, की मी शांतपणे सांगतो, "चुका टाळल्यामुळे."

झालं असं, की लोणी काळभोरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. नंतरचा महिना तिने आमच्याकडे काढावा, असं मी म्हणालो.

"नगं बाबा," आक्का फोनवर म्हणाली. "तुझ्या गेटपासनं पायरीपतूर नुसतं खाचखळगं. तिथं पडले म्हंजी परत टाकं!"

मला फार लागलं ते. आई लवकर गेली, वडील दिवसभर शेतात. मला आक्कानेच वाढवलं. माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' या रेघेवर कायम तिचीच सही असायची. आणि आता तिने माझ्या अंगणाला भिऊन माझ्या घरी येऊ नये?

"आक्का, गाडी थेट पायरीला लावतो," मी शब्द दिला. "अंगणात एक पाऊल टाकायला लावणार नाही!"

म्हणजे गेटपासून पायरीपर्यंत कोबा करायला हवा होता. मी भूमितीचा निवृत्त शिक्षक. मुलांच्या पेपरवर 'प्रश्न नीट वाचा' असे लाल शेरे मारण्यात माझा जन्म गेला. तेव्हा मी रीतसर अभ्यासाला बसलो. आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि 'कोबा करताना होणाऱ्या अकरा चुका' वहीत उतरवल्या. खालची माती नीट न दाबणं, पाण्याचा उतार घराकडे देणं, ओल्या कोब्यावर कुत्री फिरू देणं, वगैरे. (बारावी चूक कुठल्याच व्हिडिओत नव्हती. असणार कशी? ती तोवर कोणी केलीच नसावी.)

ज्ञानोबा मिस्त्री कामाला आले. एकेक चूक टळली, की मी वहीत लाल पेनाने बरोबरची खूण करायचो. उतारापाशी मात्र मी अडून बसलो. खडी पसरल्यावर तिच्यावर फळी ठेवली आणि घरातून एक लिंबू आणून फळीवर सोडलं. ते जेमतेम हललं.

"उतार कमी आहे!" मी म्हणालो. "पाणी रस्त्याकडेच पळालं पाहिजे. घराकडची बाजू उचला."

ज्ञानोबांनी उचलली. लिंबू पुन्हा सोडलं. पुन्हा बाजू उचलली. चौथ्या वेळी लिंबू फळीवरून सुटलं ते गेटखालून निघून थेट समोरच्या लेल्यांच्या दारात गेलं. लेल्यांनी ते उचलून आणून दिलं.

"सरबताचा बेत आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही, साखर आणायला येऊ नका म्हणून विचारतोय."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. गल्लीतल्या कुत्र्यांच्या धास्तीने गेटला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. माल बाजूच्या छोट्या दारातून घमेल्यांनी आत यायचा होता.

"सायेब," ज्ञानोबा डोकं खाजवत म्हणाले, "कोबा टाकायच्या आदी येकदा गेट उघडून बगू का? ते आत उघडतंय, आन् चढ बी आतच हाय."

"ज्ञानोबा, गेट बावीस वर्षं उघडतंय. त्याला सवय आहे."

"अहो, ते काय म्हणतायत ते ऐका तरी," आमची सौ., सुमन, ओट्यावरून म्हणाली.

"यादीत गेटचा मुद्दा नाहीये!" मी सांगितलं आणि विषय संपवला.

कोबा टाकल्यावर पंधरा दिवस कुलूप काढलं नाही. सकाळ-संध्याकाळ कोब्यावर ओली पोती घातली. गाडी बाहेर रस्त्यावर ठेवली. शेवटी अकरापैकी अकरा खुणा झाल्या आणि मी स्वतःच खाली 'शाब्बास!' लिहिलं.

आक्काला हॉस्पिटलमधून घेऊन आलो. ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. मी ऐटीत उतरलो, कुलूप काढलं आणि गेट ढकललं. ते वीतभर आत गेलं आणि कोब्यावर घासून थांबलं. मी जोर लावला. मग सुमनने लावला. मग आवाज ऐकून आलेल्या लेल्यांनी लावला.

"कोबा सुरेख झालाय," लेले धापा टाकत म्हणाले. "आता गाडी वरून सोडायची का?"

"दत्तू," गाडीतून आवाज आला, "घर तुझंच हाय न्हवं?"

छोट्या दारातून वॉकरसकट तिला नेणं शक्यच नव्हतं. गाडीत ऊन येत होतं आणि तिचे गुडघे ठणकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुकाट्याने ज्ञानोबांना फोन केला.

ते दोन गड्यांना घेऊन आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हे त्यांचे उपकार. तिघांनी गेटचे दोन्ही भाग बिजागरीतून वर उचलून काढले आणि पेरूच्या झाडाला टेकवले. गाडी आत गेली, थेट पायरीला लागली. दिलेला शब्द पाऊण तास उशिरा का होईना, पण खरा झाला!

आक्का वॉकर धरून उभी राहिली आणि थबकली. "दत्तू, तीन पायऱ्या हुत्या ना रं?"

माझ्या लिंबापायी घराकडची बाजू एवढी उचलली होती, की खालची पायरी कोब्यात गडप झाली होती! हे मलाही तेव्हाच कळलं.

"ब्येस झालं," आक्का म्हणाली. "येक चढ वाचला."

महिनाभर ती त्याच कोब्यावर वॉकर घेऊन फेऱ्या मारत होती. डॉक्टर खूश, आक्का खूश. गेटचं म्हणाल, तर ते खालून कापून पुन्हा बसवायचं आहे. त्या कामात होणाऱ्या चुकांची यादी मी सध्या करतो आहे.

आक्का लोणीला परत गेली त्या संध्याकाळी मी बारावी चूक लिहायला ती वही उघडली. अकरा लाल खुणा, खाली माझं 'शाब्बास!' आणि त्यावर माझ्याच लाल पेनाने मारलेली आडवी रेघ. रेघेखाली लिहिलं होतं, 'प्रश्न नीट वाचा.'

आणि त्याखाली, पालकांची सही.