आदराने बुडवायची वही

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तीन कपाटं आहेत. एकात कोकणचा इतिहास, दुसऱ्यात दशावतार, भजनं आणि इतर लोककला, तिसऱ्यात वेगवेगळ्या घराण्यांचे कुलवृत्तांत. त्यांची चावी मागावी लागते. मागायची म्हणजे बोलायचं, आणि परक्या माणसाशी मराठीत बोलताना मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आमची कोकणी बोली. पहिल्या दोन दुपारी मी खालच्या दालनात नुसती वर्तमानपत्रं चाळून घरी आले. तिसऱ्या दुपारी चावी मागितली.

मला माझी पणजी शोधायची होती. आम्ही बंदरावरची व्यापारी माणसं. पणजोबांची गलबतं, त्यांचा तापटपणा, त्यांचं खाणं, सगळं घरात तोंडपाठ आहे. पणजीबद्दल मात्र एकच वाक्य सांगतात, "तिका लिवक-वाचूक येय नाय." आमचं जुनं दुकान मोडलं तेव्हा अब्बांनी माळ्यावरचे सगळे कागद वाचनालयाला देऊन टाकले होते. त्यात तिचा निदान एखादा उल्लेख सापडेल, एवढीच माझी आशा होती.

कुलवृत्तांतांच्या कपाटात आमच्यातलं एकही घराणं नव्हतं. त्याचा राग आला नाही. ज्यांनी छापले त्यांनी आपल्या माणसांचे छापले. आमच्यातल्या कोणी छापला नाही, ही आमची चूक. पण आमचे कागद तरी कुठे होते? इतिहासात नव्हते, कलांच्या कपाटातही नव्हते. शेवटी ग्रंथपाल काकांना विचारलं.

"ते धार्मिक साहित्य होतं," ते म्हणाले. "वेगळं ठेवलंय."

जिन्याखालच्या फडताळात पांढऱ्या कापडात बांधलेला एक गठ्ठा होता. वर चिठ्ठी चिकटवलेली: पवित्र, हात लावू नये.

"शुक्रवारी तुमच्या जमातीची माणसं येऊन घेऊन जाणार आहेत. समुद्रात सोडतात ना तुमच्यात?"

सोडतात. कुराणाची फाटकी पानं आम्ही रद्दीत घालत नाही. स्वच्छ कापडात बांधून, दगड लावून, होडीतून खोल पाण्यात नेऊन सोडतो. चांगली रीत आहे.

"पण हे वाचलं कोणी?" मी विचारलं.

"आमका खंय येता बाय ता वाचूक?" इतका वेळ ऑफिसातलं मराठी बोलणारे काका मालवणीवर आले.

मी तिथूनच अब्बांना फोन लावला. "अब्बा, ह्या गठ्ठ्यात काय आसा ता तुमी बगलल्यात?"

"अरबी अक्षरां आसत गो. उगाच हात कित्याक लावतलो? दिलंय ता बऱ्या जाग्यार दिलंय."

"पण बगलल्यात?"

"तुका शाळेत उलट प्रश्न इचारूकच शिकवलेनी काय?"

मी हात धुऊन आले आणि गाठ सोडली. काका दोन पावलं मागे सरकले. आत वरच्या बाजूला कुराणाची काही सुटी पानं होती. ती मी बाजूला ठेवली. त्यांच्याखाली जाड पुठ्ठ्याची एक वही होती, हाताने लिहिलेली.

लहानपणी शाळा सुटल्यावर मी मौलानांकडे अलिफ-बे शिकायला जायचे. तिथे वाचायला शिकवतात, अर्थ नाही. न कळता वाचायची मला सवय आहे. तशीच ओठ हलवत वाचायला लागले आणि तिसऱ्या शब्दाशी अडखळले, कारण मला अर्थ कळत होता. अक्षरं अरबी वळणाची, पण भाषा आमच्या स्वयंपाकघरातली.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं, "ही वही माजी हा. कोनी नेव नये." खाली नाव. माझ्या पणजीचं.

मी ते चार वेळा वाचलं. मग वही उचलून वाचनाच्या दालनात गेले आणि वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर उभी राहिले. मी असं कधी करत नाही. "काका, हे पवित्र आहे ना? ऐका," मी म्हणाले आणि पहिलंच पान वाचलं:

नवऱ्याची फुफी इली गो इली,
धा खापरोळ्यो खावन बसली.
उठ म्हटलां तर उठना नाय,
रसाची वाटी सुटना नाय.

एक आजोबा हसून म्हणाले, "आमच्या आतयेक बरोबर लागू पडता ह्यां." दुसऱ्याने चष्मा काढला. काका जवळ आले. "अगो, ही तर आपली भाषा."

तेव्हा माझं डोकं खरंच फिरलं. अर्ध्या तासापूर्वी ती 'तुमची' होती, इतकी तुमची की हात लावू नये. अख्खी वही लग्नातल्या गाण्यांची, चिडवण्याची, हळदीची. वर कलांच्या कपाटात आसपासच्या गावांतली गाणी जमवून ठेवलीत आणि ही जिन्याखाली, दगड बांधायची वाट बघत. त्यांनी ती फेकली असती तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी तिला आदर दिला. अब्बांनीही दिला. आणि एवढ्या आदरात दोन्हीकडच्या कोणाला ती उघडावीशी वाटली नाही. बाईने वहीवर नाव घातलं, बजावून ठेवलं, आणि आम्ही पिढ्यान्पिढ्या सांगत राहिलो की तिला लिहिता येत नव्हतं.

"दाखल नोंदवही काढा," मी म्हणाले.

काकांनी काढली. विषयाच्या रकान्यात लोककला लिहिलं. भाषेच्या रकान्यात 'उर्दू' लिहिलं, ते मी खोडायला लावलं. लेखकाच्या रकान्यात त्यांनी 'अ' काढला, अज्ञातचा. मी पेन मागून घेतलं आणि तिचं नाव लिहिलं.

सुटी पानं त्यांनी पुन्हा नीट बांधली. ती शुक्रवारी जातील, जायलाच हवीत. गाठ मारताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुमच्या घरातून तीन गठ्ठे आले होते. दोन आधीच गेले."

"त्यात काय होतं?"

"तेव्हा कोणी विचारलं नाही गो." ते खाली बघत होते. "पण देताना आम्ही चपला काढून दिले होते."

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. मराठीत वाक्य जुळेना, इंग्रजीतही नाही. घरी येऊन मी अब्बांच्या पुढ्यात बसले आणि वहीचे फोनवर काढलेले फोटो एकेक करून मोठ्याने वाचले, ते उठून जायला लागले तरी मी थांबले नाही.