माझ्या लेकीचं रडणं

"तोंड बंद कर तिचं. घरात सरकारी मानूस जेवायलाय."

पाटलीणबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. पदर नाकाला लावलेला. मी जात्यापुढं बसले होते, आणि माझी सहा महिन्यांची लेक मागं झोळीत रडत होती. सकाळपासून पाजलं नव्हतं. दोनदा उठले, दोन्हीदा मला परत बसवलं. दूध गळून चोळी पुढून सगळी भिजली होती.

"पाजून येते आईसाब. लगी येते."

"दळून हू दे आधी."

मग त्यांनी माझ्या चोळीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हिच्यापेक्षा जनावर बरं. वासरू आडवून धरलं तरी गप हुबं ऱ्हातंय."

शेजारच्या जात्यावर दोन बायका होत्या. त्या हसल्या. न हसून त्यांना चालणारं नव्हतं. मी मान खाली घातली.

पाटलीणबाईंनी कनवटीची पुडी सोडली. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक, काळी गोळी माझ्या पिठाच्या हातावर ठेवली.

"दुधात उगाळ आन बोटानं चाटीव. झोपतंय गप. समद्याच देतेत."

अफू होती. मला ठाऊक होतं. खुरपायला जाणाऱ्या बायका तुरीच्या बांधावर लेकरं निजवून जायच्या ते कशाच्या जोरावर, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी गोळी उगाळली. माझंच दूध, माझंच बोट. माझा हात कुणी धरला नव्हता. हे मी लपवत नाही.

लेक झोपली. मी दळत बसले.

आमचं गाव कडगंचीच्या शिवेला लागून. राज्य निजामाचं, पण आम्हाला निजाम कधी दिसला नाही. आम्हाला पाटील दिसायचा. नवरा त्याच्याकडं सालानं होता. गडी सालानं राहिला की बायकोही त्या घरची होते, असा गावचा रिवाज. शेण, झाडलोट, दळण. वरून कुणी साहेब मुक्कामाला आला तर आणखी दळण. त्याला काम कुणी म्हणत नव्हतं. बोलावलं की जायचं.

बाळंतीण होऊन मला बाराच दिवस झाले होते तेव्हा बोलावणं आलं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी नवऱ्याला म्हटलं, "आवं, दोन महिने मला घरी बसू द्या म्हनून सांगा की."

तो गेला. परत आला आणि दाराशीच उकिडवा बसला.

"काय म्हनले?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "म्हनले, घरी बसायला ती काय आमच्या घरची सून हाय का?"

त्या घरची सून माझ्यानंतर वीसेक दिवसांनी बाळंत झाली. मुलगा झाला. सव्वा महिना तिला खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही. शेगडीचा शेक, डिंकाचे लाडू. तुपाचा वास गोठ्यापर्यंत यायचा. मी तो वास घेत शेण भरायची.

पहिल्या गोळीनंतर रोज एक गोळी मिळू लागली. पाटलीणबाई स्वतः आणून द्यायच्या. समोर उभं राहून चाटवून घ्यायच्या.

तेव्हापासून माझ्या पोटात भीती बसली. एक पसा दाणे वैरले की उठायचं, झोळीपाशी जायचं, लेकीच्या नाकाखाली बोट धरायचं. श्वास लागला की परत जात्याशी. कधी कधी श्वास लागायचाच नाही. मग गाल लावायचा. गालाला बारीकशी ऊब लागायची. "किती येळा उठायलीस?" आतून आवाज यायचा. मी बसायची. जात्याच्या घरघरीत मला तिचा श्वास ऐकू यायचा नाही, म्हणून जातं हळू फिरवायची. हळू फिरवलं की पुन्हा बोलणी.

लेक हसायची थांबली. घरी आणल्यावर पाजायला घेतलं तर तोंड लावून तशीच पडायची. ओढायचीच नाही. माझी छाती दगडासारखी व्हायची, ताप भरायचा. डोळे उघडले तरी ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं कुठंतरी बघायची.

मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? माझंच बोट.

पंधराव्या दिवशी ती उठली नाही.

दुपार उलटली होती. झोळीतून काढलं तर मान मागं पडली. ओठ जांभळे. हाक मारली, गदागदा हलवलं. मी दळण तसंच टाकलं आणि लेकीला पदरात गुंडाळून पळाले. मागून कुणीतरी ओरडलं. मी थांबले नाही. घरी न जाता काशक्काकडं गेले. काशक्का आमच्या गल्लीतली म्हातारी, तिनंच माझं बाळंतपण केलं होतं.

तिनं एकदा तोंड हुंगलं आणि तिला कळलं. लेकीला उताणी धरून तळपायावर चापट्या मारायला लागली. मला म्हणाली, "पानी आन. गार." तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. पुन्हा चापट्या. तळपाय लाल झाले तरी थांबली नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला बघवत नव्हतं, आणि डोळे मिटले तर तेवढ्यात ती जाईल असं वाटत होतं.

"किती दिस झाले द्यायलीस?" काशक्कानं विचारलं.

"पंधरा."

ती चापट्या मारतच राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माजी दोन आशीच गेली. झोपेत. म्या कुनाला सांगितलं न्हाई."

दिवस कलला तेव्हा लेक ओकली. मग रडली. फुटक्या भांड्यासारखा आवाज. ते रडणं ऐकून मी खाली बसले आणि मला उठताच येईना.

आज माझी लेक दोन लेकरांची आई आहे. दुपारी ती पडली की अजूनही मी जाऊन नाकाशी बोट धरते. तिला जाग येते. ती चिडते. मी काही सांगत नाही.

काशक्कानं लेक जागी केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटलाकडं गेले. न जाऊन भागणार नव्हतं. लेकीला पाठीशी बांधलं होतं. पाटलीणबाई अंगणातच होत्या.

"काल दळन टाकून पळालीस. कुनाला इचारून?" मग पुडी काढली. "हे घे आन बस कामाला."

मी हात पुढं केला नाही.

आतल्या खोलीत त्यांचा नातू रडत होता. दार उघडं होतं. पाळणा दिसत होता, पाळण्याची दोरी धरून बसलेली सून दिसत होती.

मी म्हटलं, "तो बी रडायलाय."

"मग?"

"आधी त्याला द्या. तो झोपला की मी हिला देते."

माझ्या पायांवरून गरम ओघळ गेला. मुतले होते मी, भीतीनं, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मी तशीच उभी राहिले. आतल्या सुनेनं दोरी सोडली आणि पाळण्यातल्या लेकरावर स्वतःचा हात आडवा धरला, सासूकडं बघत. मी तिच्या लेकराला काही करेन म्हणून नव्हे. सासू करेल म्हणून.

मला मारलं नाही. नवऱ्याला मारलं. बैलांच्या चाबकानं, चावडीपुढं. आणि दिवस मावळायच्या आत गाव सोडायला सांगितलं.

आळंदच्या वाटेवर नवरा एवढंच म्हणाला, "एक गोळी द्यायला तुला काय झालतं?" त्याची पाठ फुटलेली होती. त्याला मी दोष देत नाही. पण तो प्रश्न मी विसरलेही नाही.

आळंदला तुरीचा बाजार. व्यापाऱ्यांच्या पडवीत बायका जात्यावर तूर भरडायच्या, डाळ पाखडायच्या. पहिल्या दारातला माणूस म्हणाला, "पोर घरी ठेवून ये."

"घरी कुनापाशी ठिवू?"

"ते तुझं तू बघ."

दुसऱ्या दारात त्या घरची बाई बाहेर आली. चांगली होती बोलायला. माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "एवढं लहान लेकरू. कशाला हिंडायलीस? आईनं घरातच ऱ्हावं. आमच्या सुना उंबरा वलांडत न्हाईत."

मला पाटलाची सून आठवली. ती घरात होती, पण तिला तरी कुणी विचारून बसवलं होतं? मी दारात होते ती काय हौसेनं? आणि ही बाई मला सांगत होती, जसं काही माझ्यापुढं दोन ताटं मांडलीत आणि मी चुकीचं उचललं. मी तिला विचारलं, "घरात बसले तर खायाला कोन देतंय?" ती आत गेली.

तिसऱ्या दारातही नाही म्हणाले. त्या दिवशी आम्ही पाणी पिऊन राहिलो. लेकीला पाजायला दूध येईना. मला कळत होतं, अजून दोन दिवस असेच गेले तर हिला वाचवून मी काय केलं?

भीती होतीच. अजून आहे. पण दुसऱ्या दिवशी चौथ्या दारात गेले तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधी मीच बोलले. "लेकरू माज्यापाशी ऱ्हाईल. रडलं की मी उठून पाजनार. परत बसून काम करनार. चालत आसंल तर सांगा, न्हाईतर मी फुडच्या दारात जाते."

तिथला माणूस नाही म्हणाला. मी पुढच्या दारात गेले आणि तेच बोलले.