‘झालं’ न म्हणणारे साडू

आमच्या साडूंइतका काटेकोर माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर साडूंनी त्याला अजून तपासलेला नाही. विमानातलं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचं आणि त्यांनी तपासायचं, असं एकाच कंपनीत आमचं चालायचं. मोठं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत पुरं करायचं आणि रोज सकाळी उभ्याउभ्या कुठवर आलं ते सांगायचं, ही ‘अजाइल’ पद्धत आली तेव्हा साडू आडवे येणार याची आम्हाला खात्री होती. पण त्यांनी ती आमच्यापेक्षा घट्ट धरली. पूर्वी सगळं लिहून शेवटी तपासायचो. आता ते दर तुकड्याला विचारू लागले, हा बिघडला तर पायलटचं काय होईल? ते तपासल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. आम्ही जन्माचे ‘झालंच समजा’वाले, आमची चांगलीच पंचाईत झाली. घरीही तेच. मेहुणीने जेवण झालं का विचारलं, तर हात धुऊन येईपर्यंत उत्तर नाही. लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक पंगतीकडे वळले, आणि साडू भटजींना विचारत होते, काही राहिलं तर नाही ना.

एका नव्या विमानाचं पहिलं उड्डाण ठरलं होतं. चाकं नीट खाली आली नाहीत तर पायलटला इशारा देणारा तुकडा आमचा. सगळ्या चाचण्या पास. साडूंनी मात्र एक चाक उतरलंय आणि दुसरं अडकलंय, अशी स्थिती घालून पाहिली. इशारा उशिरा वाजला. इकडे पाहुणे बोलावलेले, मांडव घातलेला. मोठे साहेब म्हणाले, पुढच्या तुकड्यात दुरुस्त करू, आता झालंच समजा.

साडू आवाज न चढवता म्हणाले, “साहेब, त्या माणसाला ‘झालंच समजा’वर विमान उतरवता येणार नाही.”

उड्डाण पुढे गेलं. एवढी हिंमत माझ्यात नाही.

दुरुस्तीनंतर विमान उडालं, उतरलं, टाळ्या पडल्या. साडू हाताची घडी घालून उभेच. पायलट शिडी उतरून जमिनीवर आला, तेव्हा चष्मा पुसत ते मला म्हणाले, “झालं.”

आता ते निवृत्त झालेत. सकाळी कुणी ‘झालंच समजा’ म्हणालं, की सगळे त्यांच्या उभं राहण्याच्या जागेकडे बघतात आणि तो तुकडा पुन्हा तपासायला जातो. फार आठवण येते त्यांची. परवा फोनवर हे सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, “आणि तपासल्यावर काय निघालं?”