नंबरकाकांचा मेन स्विच

नंबरकाकांचं खरं नाव पक्कं ठाऊक होतं ते फक्त त्यांच्या बायकोला, आणि ती त्यांना 'अहो' म्हणायची. त्यामुळे ते नाव बिचारं वापराविना पडून होतं. बाकी सगळ्यांना ते नंबरकाका. डायलिसिस सेंटरमध्ये कुणाचा नंबर कधी, हे ज्यांच्या घरून कळतं ते काका.

याची सुरुवात त्यांच्या थोरल्या भावापासून झाली. दादांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा काका त्यांना घेऊन त्या सेंटरच्या बाकावर बसायचे. मशीन मोजकी आणि पेशंट ढीगभर. लोक उजाडायच्या आत येऊन बाकावर पिशव्या ठेवून जागा धरायचे. मग पिशवी कुणी सरकवली यावरून, धड उभंही राहता न येणारी माणसं एकमेकांवर धावून जायची. काका तेव्हा एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळत होते. त्यांनी घरी बसून एक प्रोग्राम लिहिला. सिस्टर नावं भरणार, पेशंट घरबसल्या मोबाईलवर आपली पाळी बघणार. पिशव्या गेल्या, भांडणं गेली. पुढे दादाही गेले. प्रोग्राम मात्र राहिला.

राहिला म्हणजे कुठं, तर काकांच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तो सतत चालू ठेवावा लागे. मधूनच मेला रुसून बसे, आणि तो रुसला की काकांचे फोन वाजायला लागत. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की माणसं जशी लांबचं आवतण टाळतात, तसं काकांचं झालं होतं. निवृत्त होऊनही ते कुठं मुक्कामाला गेले नाहीत. बायको म्हणायची, "आपलं म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. आणि तेही एका डब्यापायी!"

लेक दुसऱ्या शहरात नांदत होती. तिचं घर काकांनी पाहिलेलं नव्हतं. तिला मुलगी झाली तेव्हा आजी गेली, महिनाभर राहून आली. आजोबांनी नात पाहिली ती मोबाईलच्या पडद्यावर. पोर आता बसायला लागली होती.

"बाबा, तिला वाटतं आजोबा म्हणजे मोबाईलमध्ये राहणारा माणूस," लेक एकदा हसत म्हणाली. मग हसू थांबवून म्हणाली, "या रविवारी या. ह्या वेळी नाही आलात ना, तर मी परत बोलावणार नाही."

ते काकांना लागलं. त्यांनी मनावर घेतलं आणि प्रोग्राम क्लाउडवर चढवायचं ठरवलं. म्हणजे एका कंपनीच्या मोठ्या मोठ्या संगणकांवर भाड्यानं जागा घ्यायची आणि आपलं बिऱ्हाड तिथं हलवायचं. तिथं वीज जात नाही, मशीन रुसत नाही, आणि रुसलंच तर बघायला त्यांची माणसं असतात. बिऱ्हाडात गोष्टी दोन. एक, लोकांना दिसणारं पान. दुसरा डेटाबेस, म्हणजे नावं, तारखा नि पाळ्या जिथं साठतात ते कोठार. काकांनी दोन्हींसाठी जागा घेतली, नावांची एक प्रत तिकडच्या कोठारात नेऊन ठेवली. पान चढवताना मात्र नाकी नऊ आले. कधी पासवर्ड पटेना, कधी एखादी फाईल सापडेना, पडद्यावर नुसत्या लाल ओळी. शेवटी एकदाची हिरवी खूण आली. काकांनी मोबाईलवर नवा पत्ता उघडला. सगळी नावं जागच्या जागी. सिस्टरांनी तोच पत्ता सगळ्यांना पाठवला.

"घोडं गंगेत न्हालं!" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

शनिवारी सकाळी दोघं निघाली. बायकोनं नातीसाठी शिवलेलं झबलं पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि काकांनी तिथं हळूच सरकवलेला लॅपटॉप तिनं बाहेर काढला. "हा आला तर मी नाही येणार," ती म्हणाली. मग गॅस बंद केला, खिडक्या लावल्या आणि घराला कुलूप लावताना करायची तशी मेन स्विचची दांडी खाली ओढली. काकांनी ती ओढू दिली. आता काय बिघडणार होतं!

"एक किल्ली शेजारी देऊन ठेवू या का?" बायकोनं विचारलं.

"कशाला? घरात आहे काय आता?" काका म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शहर मागे पडलं तसे काका एकदम गप्पिष्ट झाले. नात आपल्याला बघून रडेल की हसेल, यावर त्यांनी बायकोशी पैजही लावली. तेवढ्यात सिस्टरांचा फोन आला.

"काका, यादी उघडेना हो. कुणालाच उघडेना. दोघंजण एकाच मशीनपाशी येऊन उभे आहेत, दोघंही म्हणतात पाळी माझी."

घोडं कुठं पेंड खातंय ते काकांना त्या क्षणी कळलं. कोठार कुठं आहे हे पानाला सांगणारी एक ओळ असते. त्या ओळीत पूर्वीपासून घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता होता आणि तो बदलायचाच राहिला होता. पान ढगात जाऊन बसलं, पण नावं अजून टीव्हीखालूनच मागवत होतं. घरचा डबा चालू होता तोवर सगळं आलबेल दिसलं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, आणि त्या शेपटाची वीज बायकोनं त्यांच्या डोळ्यांदेखत तोडली होती.

लॅपटॉप घरी. किल्ली खिशात.

"मी उतरतो," काका म्हणाले. "दुरुस्त करतो आणि दुपारच्या बसनं येतो. नक्की येतो."

बायको भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं फक्त पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. "झबलं माझ्याजवळच राहू दे," ती म्हणाली.

रिक्षा, मग दुसरी बस, मग जवळजवळ धावतच काका घरी पोचले. कुलूप काढलं, दांडी वर केली. डबा घरघरला. थोड्या वेळानं सिस्टरांचा फोन.

"आली यादी! देवासारखे आहात हो काका. तुम्ही नसता तर आज इथं डोकी फुटली असती."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घामानं भिजलेला सदरा न बदलताच ते कामाला बसले. ताजी नावं पुन्हा तिकडच्या कोठारात नेली. ती एक ओळ बदलली. मग स्वतः उठून मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. त्यांनी मोबाईलवर यादी उघडली. उघडली. सिस्टरांना एक नाव बदलायला सांगितलं. तेही बदललं.

"म्हणजे आता तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी चालणार?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

"मग सुटलात की! आता आमचं काही तुमच्यावाचून अडत नाही. जा बिनघोर नातीकडे."

बाई आनंदानंच बोलली होती. काका मात्र जिथं उभे होते तिथंच खुर्चीवर बसले. दुपारच्या बसला अजून अवकाश होता. त्यांनी यादी पुन्हा उघडून पाहिली. उघडली. पुन्हा पाहिली. ती अडावी, कुठंतरी काहीतरी चुकावं आणि फोन वाजावा, असं त्यांना वाटत होतं. आणि आपल्याला असं वाटतंय याची त्यांना भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं लेकीला काय सांगत होतो आपण? यायचं फार आहे गं, पण हा डबा सोडत नाही. डब्यानं तर आता सोडलं होतं. दादा गेल्यावर, हातात काही काम नसताना कुणाच्या दारात कसं जायचं, हे काका विसरून गेले होते. नात रडली तर तिला कसं घ्यायचं, तेही त्यांना येत नव्हतं. यादी मात्र येत होती.

ते उठले आणि दांडी वर केली. डबा पुन्हा घरघरला. जुनी यादी पडद्यावर आली. ती आता कुणी बघत नव्हतं. काका तिच्यासमोर बसून राहिले.

फोन वाजला तेव्हा त्यांनी झडप घातली. सिस्टर नव्हत्या, बायको होती. मागे पोर काहीबाही बडबडत होती.

"झालं का?"

"नाही गं," काका म्हणाले. "अजून अडकलंय."



"सिस्टरांचा फोन आला होता मला," बायको म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "खूश होत्या. म्हणाल्या, काका सुटले बघा एकदाचे." मग तिनं विचारलं, "जावईबापू दुपारच्या बसला स्टँडवर जायचं म्हणतायत तुम्हाला घ्यायला. पाठवू, की नको?"

काकांनी मेन स्विचकडे पाहिलं. खुर्चीवरून हात लांबवला असता तर पोचला असता.

"नको," ते म्हणाले.