विरळणीवाल्या मॅडम

"हात काढा! हात काढा म्हणते ना त्या झाडावरचा! काय करून राह्यले तुम्ही लोक?"

मॅडम ओरडत होत्या. पिंजौरच्या मागच्या टेकडीवरून त्यांचा आवाज निघाला, तो खाली कालक्याच्या रस्त्यावर जाऊन आदळला आणि तिथं एक बस जागच्या जागी थांबली. मी स्वतः पाहिली. तिथं बसचा थांबा आहे, हे आमच्या मंडळातले संशयी लोक तुम्हाला सांगतील, पण त्यांचं ऐकू नका.

ज्यांच्यावर त्या ओरडत होत्या ते आम्ही, म्हणजे चंडीगडचं अख्खं मराठी मंडळ. प्रत्येकाच्या हातात ओलं फडकं नाहीतर भांड्यांची घासणी, आणि समोर मनगटाएवढ्या जाडीचं एकेक कोवळं झाड. त्या झाडांना आम्ही आंघोळ घालत होतो.

पण आधी बाई कोण ते सांगायला हवं.

त्या मूळच्या चंद्रपूरच्या. वनखात्यातल्या अधिकारी, केंद्राच्या कुठल्याशा प्रकल्पावर चार वर्षांसाठी इकडे आलेल्या. चंडीगडात आमच्या शेजारच्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. उंची बेताची आणि पाऊल असं पडायचं की त्या पलीकडे आपल्या घरात चालल्या तर आमच्या फोडणीत आपोआप मोहरी तडतडे. लोक जंगल वाढवायला झाडं लावतात. या बाई जंगल वाढवायला झाडं तोडायच्या. त्याला विरळणी म्हणतात. रान एकदा तोडलं की खैराच्या खुंटांना झुबक्यानं धुमारे फुटतात, शिसमाच्या मुळांतून पोरंच पोरं वर येतात. सगळी एकमेकांना ढकलत उजेडाकडे पळतात आणि शेवटी सगळीच अगरबत्तीसारखी राहतात. म्हणून त्यातली चांगली निवडायची आणि बाकीची काढायची.

हे तत्त्व बाईंनी फक्त जंगलापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण गणपतीत आरतीला पोरांचा घोळका झाला की त्या मागून येत आणि एकाआड एक पोर उचलून बाजूला ठेवत. "दाटी झाली ना बावा. श्वास घेऊ द्या एकमेकाले." आमच्या सौभाग्यवतींनी कुंडीत कौतुकानं कोथिंबीर पेरली होती. मॅडम चहाला आल्या, बोलता बोलता हात कुंडीकडे गेला, आणि चहा संपेपर्यंत अर्धी कोथिंबीर त्यांच्या मुठीत. "आता पहा कशी येते ते." आलीही. इतकी आली की कुंडी हलवायला दोन माणसं लागत.

चंडीगडच्या रस्त्यांकडे बघून त्या मान हलवत. एका रस्त्याला एकाच जातीची झाडं, सारख्या अंतरावर. "हे जंगल नाही जी, ही शाळेतली कवायत आहे."

पिंजौरच्या टेकडीवरचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. खैर आणि शिसम, दोन्ही कठीण लाकडाची, सावकाश वाढणारी. त्या तुकड्यावर त्यांचा जीव होता. पहिली तीन वर्षं त्यांनी नुसती घाणेरीची झुडपं उपटली आणि गुरं हाकलली. विरळणीची परवानगी मिळाली ती अगदी शेवटच्या हिवाळ्यात. वरच्या मोठ्या साहेबांना हे तोडकाम पसंत नव्हतं. जंगल वाढवायला पाठवलेली बाई कुऱ्हाडी मागते म्हणजे काय? शेवटी ते म्हणाले, एवढा एक तुकडा करून दाखवा, मी स्वतः बघायला येईन. पटलं तर अख्ख्या टेकडीला परवानगी, नाही तर यापुढे कुऱ्हाड बंद. मार्चमध्ये बाई चंद्रपूरला परतणार होत्या. म्हणजे हा एकच डाव.

आणि नेमकी साहेब येणार त्याच दिवशी त्यांनी आमच्या मंडळाची संक्रांतीची सहल तिथं बोलावली! "जंगल पहायला लोक आले पाहिजेत," म्हणाल्या. जानेवारीचं धुकं उठलं होतं, शिसमाची पानं झडलेली, त्यामुळे प्रत्येक खोड कसं सरळ, कसं वाकडं ते उघडं दिसत होतं. बाईंनी आठवडाभर खपून काही झाडांना गेरूचे लाल पट्टे ओढून ठेवले होते. आम्हाला तिळगुळाच्या डब्यांसकट तिथं उतरवून त्या तोडणीवाल्यांना आणायला खाली गेल्या.

आता आमचं मंडळ समजून घ्या. मोहालीतली संगणकवाली पोरं सोडली तर निम्मे लोक लेखापरीक्षणातले. आयुष्यभर आम्ही ज्याच्यावर लाल खूण केली ते कापलं गेलं. अध्यक्ष खरेकाका तर लाल पेन्सिल कानावर ठेवूनच जन्मले असावेत. त्यांनी एका पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते पांढरेफटक पडले.

"अहो, सगळी सरळसोट झाडं कापणार ही बाई! एकही वाकडं धरलेलं नाही!"

त्यांच्या नातवानं लगेच गळा काढला, "आजोबा, पेड़ मर जाएँगे!" झालं. बाटल्या उघडल्या, फडकी भिजली, आणि मंडळानं धडाधड पट्टे पुसायला घेतले. एवढ्यावर थांबतो तर आम्ही कसले हिशेबनीस? खरेकाका म्हणाले, "बाई मोजतील. बेरीज जुळली पाहिजे." मग जेवढे पट्टे पुसले तेवढेच, डब्यातला उरलासुरला गेरू संपवून, वाकड्यातिकड्या झाडांवर ओढून दिले. हिशेब चोख.

तेवढ्यात त्या बसला थांबवणारी ती आरोळी आली.

"अहो मॅडम, ही चांगली झाडं हो," खरेकाका झाडाच्या आड उभे राहून म्हणाले, "यांना नका कापू."

"त्यांनाच तर ठेवायचं आहे! पट्टा म्हणजे राहील! बिनपट्ट्याचं जाईल!"

सगळ्यांच्या हातातली फडकी जागच्या जागी थांबली. तोडणीवाल्यांचे मुकादम बलबीरजी पगडी सावरत पुढे आले. "मैडमजी, हुण की करिए? साहब दी गाड्डी पिंजौर टप्प गई ऐ." म्हणजे साहेबांची गाडी पिंजौर ओलांडून आली होती.

बाई एका दगडावर बसल्या. त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चार वर्षांचं काम आमच्या घासण्यांवरून लाल होऊन ओघळत होतं. कुणी पुढे व्हायला धजेना. आमच्या सौभाग्यवतींनी नुसता तिळगुळ पुढे केला. बाईंनी तो तोंडात टाकला, कडाकडा चावला आणि उठल्या.

"ज्यानं जे झाड पुसलं, ते त्याला ठाऊक आहे ना?"

आहे, आहे, आम्ही सगळे ओरडलो. वाचवलेलं झाड माणूस विसरतो का?

"मग जा, आपापल्या झाडाला मिठी मारा. मी सांगेपर्यंत सोडाल तर पहा."

अशा रीतीनं मंडळ खुणेला उभं राहिलं. शाली, कानटोप्या, पैठण्या झाडांना बिलगल्या. ज्यांनी जास्त पुसली होती त्यांनी नवऱ्याला, पोरांना उभं केलं, आणि तरीही माणसं कमी पडली तेव्हा झाडांना मफलर, ओढण्या बांधल्या. मग त्या मिठ्यांच्या मधून कुऱ्हाडी चालू लागल्या. माझ्या नाकासमोरून एक ढलपी गेली, ती थेट हिमाचलात पडली असावी.

मी ज्या झाडाला धरून होतो तिथून बाई जवळ दिसत होत्या. जायचं असेल त्या प्रत्येक झाडाच्या खोडावर त्या आधी तळवा ठेवत, काहीतरी पुटपुटत, आणि मगच मुकादमाला मान हलवत. मी कान लावला. "जा बाई," त्या म्हणत होत्या, "तिले जागा दे."

त्यानंतर मला थट्टा सुचेना, हे माझ्या बाबतीत दुर्मीळ आहे.

साहेब आले तेव्हा काम ऐन रंगात होतं. चहूकडे माणसं झाडांना कवटाळून उभी, मध्ये कुऱ्हाडी. साहेबांना वाटलं आंदोलन पेटलं. ते गाडीचा दरवाजा धरूनच म्हणाले, "मॅडम, ये सब लोग विरोध कर रहे हैं?"

"नहीं सर," बाई म्हणाल्या, "ये निशान हैं."

साहेब तासभर हिंडले. मोकळ्या झालेल्या प्रत्येक झाडाभोवती ऊन जमिनीपर्यंत उतरलं होतं. खरेकाकांपाशी मात्र ते थबकले. काकांनी घोटाळ्यात एक वाकडं शिसम धरलं होतं, आणि खुलासा झाल्यावरही ते सोडायला तयार नव्हते. "एवढा वेळ धरलंय हो," म्हणाले. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. "राहू द्या त्याले. इथं जागा आहे," म्हणाल्या, आणि एका घासणीवरचा ओला गेरू घेऊन स्वतः पट्टा ओढला.

साहेबांनी जाताना अख्ख्या टेकडीला परवानगी दिली. आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की उरलेलं धुकंही पळालं.

मार्चमध्ये बाई गेल्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये आता एक अत्यंत हळू चालणारं कुटुंब राहतं. आमची मोहरी हल्ली गॅसवरच तडतडते.

परवा, बऱ्याच वर्षांनी, पावसाळा सरल्यावर मंडळ पुन्हा त्या टेकडीवर गेलं. काय सांगू तुम्हाला! खोडं माझ्या मांडीएवढी, आणि माझी मांडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. खरेकाका काठी टेकत आले, वर बघून त्यांचे डोळे भरले. मी तिथूनच चंद्रपूरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "मॅडम, जंगल झालं हो आपलं! वर फांद्यांना फांद्या भिडल्यात! भर दुपारी खाली ऊन म्हणून पडत नाही!"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग मॅडम म्हणाल्या, "मग परत तोडायला झालं."