माळढोक कापू नका

गुरुवर्य शिवलिंगअप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी चार गोड शब्द लिहून द्या, असे गौरव समितीने मला सांगितले. लिहितो. पण अप्पांच्या माथी खोटेपणाचा डाग ज्यांनी लावला त्यांतले दोघे याच समितीत आहेत, तेव्हा लेख जरा तिखट लागला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अप्पांची पहिली भेट निजामाच्या राजवटीत, परंड्याला त्यांच्या फोटोच्या दुकानात झाली. मी ईटहून कामाच्या शोधात आलो होतो. टेबलावर कॅमेऱ्याला लावायचे, पितळी नळीतले हातभर लांब भिंग होते. मी हात पुढे केला तोच अप्पा म्हणाले, "आधी हात धुऊन या. मग श्वास रोखायला शिका."

दूरचे जवळ आणणारे ते भिंग फार मानी होते. जरा धक्का लागला की चित्र हलायचे. अप्पांना वेड माळढोकाचे. हा उंच, भित्रा पक्षी माणूस दिसताच उडतो, पण बैलगाडीला भीत नाही. म्हणून अप्पा कडब्याच्या गाडीत दडून कॅमेरा लावत आणि बैल सोडून बाजूला चरायला ठेवत. गाडीवान लिंबाजींना खोकायचीही बंदी असे. "अप्पाच्या पाखरापायी माझी बिडी सुटली की," असे ते सगळ्यांना सांगत.

माझ्या आईचे गुडघे गेले होते आणि शेत दिसत नाही म्हणून ती झुरत होती. अप्पांनी ईटला येऊन आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, शेताकडे तोंड करून कॅमेरा लावला आणि आईला दोघांनी उचलून वर नेले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटे दिसते, याची अप्पांना कोण चिंता! आई म्हणाली, "उलटी का व्हईना, माझीच ज्वारी हाय न्हवं." अप्पांनी तिला संध्याकाळपर्यंत पाहू दिले.

आता त्या फोटोविषयी. राजवटीच्या शेवटच्या दिवसांत निजामासाठी विमानांतून चोरून शस्त्रे येत, म्हणून विमानाकडे बोट दाखवले तरी ठाण्यात नेत. अशा एका सकाळी आम्ही माळावर होतो. समोर माळढोक, आणि त्याच्या मागून, दूरवर, एक विमान अगदी कमी उंचीवरून उडत आले. पक्ष्याने मान उंचावली आणि अप्पांनी कळ दाबली. फोटोत माळढोकाचे पीस न् पीस मोजून घ्यावे असे, आणि मागचे विमान धूसर.

राजवट गेल्यावर मुक्तिसंग्रामाचे प्रदर्शन भरवणारी मंडळी आली. म्हणाली, "विमान रंगवून ठळक करा आणि पाखरू कापून टाका. इथं पाखराचं काय काम?"

अप्पा म्हणाले, "पाखरू होतं म्हणून मी तिथं बसलो होतो. त्याला कापलं तर फोटो खोटा होईल."

फोटो नाकारला गेला. एवढ्यावर भागले नाही. अप्पांनी दोन फोटो जोडले, असे या मंडळींनी गावोगाव सांगितले. अहो, भिंग पक्ष्यावर रोखले की मागचे विमान धूसर होणारच! जोडकाम करणाऱ्याने दोन्ही रेखीव नसती जोडली? खोटे करा म्हणाले कोण आणि खोटा ठरला कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. बाजारात लोक अप्पांना 'जोडफोटोवाले' म्हणून हसत. माळावर जाणे अप्पांनी कितीतरी दिवस बंद केले. मला त्याचा संताप आजही येतो.

आणि आता कहर पाहा. या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचा नमुना समितीने मला दाखवला. त्यावर तोच फोटो, विमान मोठे केलेले आणि माळढोक कापलेला! मी तो अप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि एवढेच म्हणाले, "मग माझंबी नाव काढून टाका म्हणावं."

समितीला मी तसे कळवले आहे. लेख छापायचा तर याच शब्दांत, आणि फोटो छापायचा तर सबंध.

अप्पांना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच शाबूत राहो आणि कडब्याच्या गाडीत चढण्याएवढे बळ गुडघ्यांत राहो. वाचकहो, आता एक करा. हा ग्रंथ मिटून मुखपृष्ठ पाहा. माळढोक तिथे असेल, तर अप्पांचा सत्कार झाला. नसेल, तर तो अजून व्हायचा आहे.