लाल दोऱ्याची पुरचुंडी

आमच्या घरात माणसांना बसायला जागा नसायची, कारण जागा पानांना लागायची. सोलापूरच्या भवानी पेठेतली एकच खोली. कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली विडीची पानं, दारातल्या उजेडात आई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. वडील यंत्रमागावर कामाला होते. मी चौथीत असताना ते वारले आणि घर आईच्या बोटांवर आलं. दिवसाला हजार विड्या. शाळेतून आले की मी विड्यांना दोरा गुंडाळायला बसायचे. आमच्याकडे मुलगी बघायला आलेली माणसं ती किती शिकली हे विचारत नसत, विड्या किती वळते ते विचारत. माझा हात झपाझप चालायचा. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

शेजारच्या तेलुगू अक्का आईला म्हणायच्या, "हिला कॉलेजात घालून एवढा चांगला हात वाया घालवायलीस बघ."

आई सुपातली नजर वर न करता म्हणायची, "हात तिचा हाय. कुटं चालवायचा ते तिला ठरवू दे की."

मी इंजिनिअर झाले आणि शिष्यवृत्तीवर जर्मनीला मास्टर्सला गेले. विषय घेतला हवेतली धूळ. का, तर आईचा खोकला. मला आठवतंय तेव्हापासून तो होता.

सोलापुरात स्वेटर कुणाला लागतो? तरी आईनं हिवाळ्यात रस्त्याकडेला बसणाऱ्या नेपाळ्यांकडून एक जाड निळा स्वेटर घेतला आणि मी निघेपर्यंत आठ महिने ट्रंकेत जपला. बॅगही तिनंच भरली.

तिकडे पहिल्याच महिन्यात काहीतरी बिनसलं. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली म्हातारी पुढच्या थांब्यावर उठून मागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी उठलं. मी वर्गात शिरले की एखादी खिडकी उघडायची, बाहेर बर्फ असलं तरी. मला वाटलं, आपला रंग. मग माझ्या खोलीच्या दारावर चिठ्ठी आली : खोलीत धूम्रपान करू नये. चिठ्ठी फाडून टाकली. मी आयुष्यात विडी ओठाला लावलेली नाही. वळल्यात मात्र लाखभर. आठवड्यानं तशीच दुसरी चिठ्ठी आली. मी कुणाला विचारलं नाही. विचारण्यात कमीपणा वाटला, आणि भीतीही.

पुढे एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली. कारखान्यांतली हवा फिल्टरमधून ओढायची आणि त्यावर काय बसलं ते मोजायचं. प्रत्येक खेपेला एक कोरा फिल्टर ठेवायचा. त्यातून हवा ओढायची नाही. त्यावर काही सापडता कामा नये. सापडलं तर ती सगळी मोजणी रद्द. ह्या कामाचा अहवाल झाला तरच डिग्री, नाहीतर रिकाम्या हातानं सोलापूर.

माझ्या कोऱ्या फिल्टरवर निकोटिन सापडलं.

आमच्या प्रमुख बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा सापडलं. दर आठवड्याला थोडं जास्तच. बाई रागावल्या नाहीत, बोलायच्या कमी झाल्या. एका सोमवारी एवढंच म्हणाल्या, "इथे कोणीतरी सिगारेट ओढून आत येतंय. कोण ते शुक्रवारपर्यंत मला कळायला हवं."

ओढणारी एकच होती, माझ्याबरोबरची स्पेनची इंटर्न. जेवताना ती मला म्हणाली, "मला काढणार बघ. आणि तू मजेत! दिवसभर माझ्या आजोबांसारखा वास मारतेस. लपून पाइप ओढतेस का गं?"

ती हसत होती. मी स्वेटरची बाही नाकाला लावली.

मला वास येतच नव्हता. जन्मल्यापासून नाकात असलेला वास माणसाला येत नाही.

खोलीवर जाऊन बॅग उलटी केली, अस्तर चाचपलं. कोपऱ्यात आतून शिवलेली पुरचुंडी. फाडायच्या आधीच कळलं, कारण टाके विडी बांधायच्या लाल दोऱ्याचे होते. आत तंबाखूची भुकटी. कपाटात स्वेटर त्याच बॅगेत राहायचा, आणि प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत मी रोज तोच घालायचे.

आईला फोन लावला. "आई, बॅगेत तंबाखू ठेवलीस?"

"व्हय की. लोकरीला कसर लागती. ट्रंकेत बी ठेवलीवती. का, लागली का काय?"

"न्हाय लागली."

"मग?" म्हणाली आणि खोकायला लागली. थांबेचना. शेवटी म्हणाली, "फोडणीचा ठसका गं."

सोलापुरात तेव्हा दुपारचे चार वाजले होते. चारला आमच्याकडे चूल पेटत नाही.

दुसऱ्या दिवशी एका डब्यात स्वेटर आणि त्याच्याजवळ कोरा फिल्टर ठेवला. एका दिवसानं आलेला आकडा सगळ्या आकड्यांच्या वर गेला. कागद हातात धरून मी उभी होते. स्वेटर दोनएक वर्षं तंबाखूजवळ होता. आई बत्तीस वर्षं.

शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी ओढत नाही. माझी आई विड्या वळते. तंबाखू माझ्या स्वेटरमधून आली. ही स्पेनची मुलगी ओढते, पण चूक हिची नाही."

बाईंनी कागद नीट वाचला. "सगळी मोजणी पुन्हा करावी लागेल. पाच आठवडे उरलेत."

काम तीन महिन्यांचं होतं. स्वेटर प्लॅस्टिकमध्ये बांधला आणि त्या गार खोलीत कोटाखाली दोन सुती कुडते घालून उभी राहिले. स्पेनची पोरगी जेवणाच्या सुट्टीत फिल्टर लावून द्यायची. रविवारी आईला म्हणायचे, दवाखान्यात जा. ती म्हणायची, "तू ये, मग जाऊ." दर रविवारी तिची वाक्यं आखूड व्हायला लागली. मी फोनवर शब्दांपेक्षा मधला श्वास ऐकायचे आणि सोमवारी आणखी लवकर कामाला जायचे.

पाचही आठवडे कोऱ्या फिल्टरवर काही सापडलं नाही. अहवाल मंजूर झाला.

सोलापूरला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला दवाखान्यात नेलं. फुप्फुसं अधू झालीत, श्वासासाठी तोंडात मारायचा पंप कायमचा. डॉक्टर म्हणाले, सूप आजच बंद. आई माझ्याकडे बघायला लागली, जणू मी काय म्हणते त्यावर ठरणार होतं. मी व्हय म्हणाले.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आज माझ्याकडे मास्टर्सची डिग्री आहे, पुण्यात हवा तपासायची नोकरी आहे, आणि आई माझ्याकडे राहते. ती विड्या वळत नाही.